अठ्ठेचाळीस उजवे कान

"नीट उजेडात धरून बघा ना, आई. पू नाही ना?"

भाची फोनवर सासूबाईंना तिसऱ्यांदा तेच विचारत होती. दहा महिन्यांच्या मुलीचे कान टोचून महिना होत आला होता आणि या महिन्यात भाचीने झोप अशी घेतलीच नव्हती.

"पू नाही, रक्त नाही, काही नाही," पलीकडून सासूबाई वैतागल्या. "भोकाभोवती जरा घट्ट कड लागते हाताला, एवढंच. जखम भरली की तशी येतेच, डॉक्टरच म्हणाले ना? ठेव आता. दूध उतू जातंय."

भाचीने फोन ठेवला, तेव्हा दारात एक बाई उभी होती. वय साठीच्या पुढे. हातात चपला, पायांना वाळलेला गाळ. बाईच्या आधी तिचा वास खोलीत आला होता. ओल्या गोठ्याचा, आणि त्याखाली आणखी कशाचा तरी. भाचीने नकळत श्वास रोखला आणि मग स्वतःचीच लाज वाटून सोडला.

"खासगी तपास करतात, त्या बाई इथेच का?"

"इथेच. बसा," आत्या म्हणाली. "चपला घाला हो पायात. फरशीला काही होत नाही."

आत्याने तीस वर्षं विमा कंपनीत जनावरांच्या दाव्यांची तपासणी केली होती. निवृत्त झाल्यावर तिने घराच्या पुढच्या खोलीत हा उद्योग मांडला आणि भावाच्या शिकलेल्या लेकीला अहवाल लिहायला बसवलं. भाचीला सगळ्याची काळजी, आत्याला कशाचीच नाही. म्हणून दोघींचं जमायचं.

"मला चोर ठरवलंय," बाई म्हणाली. "आज पाच वाजता खोट्या दाव्यांच्या यादीवर शिक्का मारणार. मग मदत तर नाहीच, वर पोलीस."

ती दूधवाली होती. नवरा गेल्यावर अकरा गाईंवर तिने घर चालवलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी भर दुपारी पुराचं पाणी आलं, तेव्हा ती दूध पोचवायला गेली होती. परत येईपर्यंत गोठ्याच्या छताला पाणी लागलं होतं.

"दाव्याला बांधलेल्या होत्या सगळ्या," ती म्हणाली. "मीच बांधल्या होत्या."

आत्याने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "मदतीचा नियम काय होता?"

"मेलेलं जनावर किती दिवस ठेवणार? म्हणून सरकारनं सांगितलं, जनावर खड्ड्यात पुरायला द्या. पुरावा म्हणून डावा कान तेवढा कापून आणा, नंबरचा बिल्ला असतो ना कानात, त्याच्यासकट. मिठात घालून. एका कानामागे एका जनावराची मदत." तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मी अकरा कान नेले. पण उजवे."

"उजवे का?"

"बिल्ले उजव्या कानातच होते. माझा गोठा अरुंद. डावीकडे भिंत. जनावरांचे डॉक्टर बिल्ले मारायला आले तेव्हा म्हणाले, आत कोण शिरतंय चिखलात, इकडच्याच कानात मारतो. काजळीचा डावा कान तर तसाही अर्धाच होता. वासरू असताना कुत्र्यानं तोडलेला."

"आणि आता काय म्हणतात?"

"की मी खड्ड्यावरच्या जनावरांचे दुसरे कान चोरून कापले आणि त्यांना नवे बिल्ले मारून आणले. मी आणि माझी टोळी."

"आहे का टोळी?"

"एक मांजर आहे."

आत्या हसली नाही, पण उठली. कोपऱ्यातल्या शिवणाच्या डब्यातून सुई ओवायचं भिंग काढून तिने खिशात टाकलं.

"बाई, तुमची फी—" दूधवाली पदराची गाठ सोडू लागली.

"आधी कान बघू," आत्या म्हणाली.

*

मदत कार्यालय एका जुन्या धान्याच्या गोदामात होतं. बाहेर दोरी बांधून केलेली रांग, आत तीन टेबलं, मागे दुधाची जुनी शीतखोली. कान तिथेच ठेवले होते. शीतखोलीचं यंत्र पुरात गेलं होतं, त्यामुळे नावाचीच शीत. वास रस्त्यापर्यंत येत होता. रांगेतली माणसं नाकाला फडकं लावून उभी होती. तीन आठवड्यांत त्यांना त्याचीही सवय झाली होती, आणि भाचीला वासापेक्षा त्या सवयीचीच जास्त किळस आली.

रांगेतून एक गोरा, मऊ हातांचा माणूस पाण्याचे पेले वाटत येत होता. हे मदत अधिकारी. सगळा जिल्हा त्यांना देवमाणूस म्हणायचा.

"आई, तुम्ही परत उन्हात उभ्या?" त्यांनी दूधवालीच्या खांद्यावर हात ठेवला. "आत या. मी काय तुमचा वैरी आहे? पण नियमापुढे मी तरी काय करणार? मन मारावं लागतं हो."

खोलीत नेऊन त्यांनी गळ्यातल्या दोरीची चावी काढली, मागचं लोखंडी कपाट जरासं उघडलं, वरच्या खणातून एक घोंगडी ओढून काढली आणि लगेच कपाट बंद केलं.

"तुरुंगातसुद्धा मी तुम्हाला थंडी वाजू देणार नाही, आई."

दूधवाली घोंगडी हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. भाचीने ती घडी घालायला घेतली आणि चेहरा बाजूला फिरवला. "डांबरगोळ्या आहेत का यात? आमच्याकडे रांगतं बाळ आहे, मी घरातल्या सगळ्या फेकून दिल्या. तोंडात घातली तर जीवच जायचा."

"वाळवी फार," देवमाणूस हसले. "माझ्या या एका कपाटातच ठेवतो. बाहेर मुलं येतात ना. काळजी घ्यावी लागते."

राजधानीतून आलेला हिशेब तपासनीस टेबलाशी बसला होता. त्याच्या दोन्ही नाकपुड्यांत कापूस होता.

"सरळ गोष्ट आहे," तो नाकात बोलला. "दावे दोनशे एकोणपन्नास. खड्ड्यात पुरलेली जनावरं दोनशे बारा. खड्डे खणणाऱ्या यंत्रवाल्याला एका जनावरामागे ठरलेली रक्कम दिली आहे, त्याची पावती आहे माझ्याकडे. म्हणजे सदतीस दावे खोटे."

"आणि मीच ते पकडले," देवमाणूस म्हणाले. "फरक दिसल्यावर मी स्वतः आत गेलो. बघतो तर काय, बरेच कान उजवे! नियम डाव्याचा. अकरा या आईंचे, बाकीचे आणखी पाच जणांच्या नावावर. ते पाचही पत्त्यावर सापडत नाहीत. सापडल्या त्या एकट्या आई."

"एकूण उजवे किती?" आत्याने विचारलं.

"अहो, त्या घाणीत कोण मोजणार?"

आत्याने तपासनिसाकडे पाहिलं. त्याने खिडकीकडे पाहिलं.

"मग आम्ही मोजतो," आत्या म्हणाली. "चल गं."

*

भाचीच्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब तास होता. गोणपाटांत मिठाचे थर, थरांत कान. काही केसाळ, काही आक्रसलेले, सगळे थंड आणि ओलसर. आत्या एकेक उचलून भिंगाखाली धरत होती आणि भाची बिल्ल्याचा नंबर वाचून वहीत लिहीत होती.

"डावा-उजवा कसा कळतो?"

"एक कड सरळ असते, एक फुगीर. पोकळी आपल्याकडे धरायची, टोक वर. फुगीर कड कुठल्या हाताला येते ते बघायचं. तीस वर्षं हेच केलंय मी. वाच."

भाचीने वाचलं. "आत्या, हा कान उलटा कर. आकडा मागे गेलाय, पाठीवर. हाही. कसे मारतात हे बिल्ले, धड समोर दिसेल असे तरी मारावेत."

"हं," आत्या म्हणाली. ती बिल्ल्याच्या भोकाभोवती नखाने चाचपत होती. "हात लावून बघ."

"मुळीच नाही! घरी जाऊन मला बाळाला घ्यायचंय."

मीठ झटकताना मधूनच एक वेगळा वास येत होता. सडक्या वासाच्या खालून, थंडीत पेटीतून काढलेल्या स्वेटरचा. भाचीने बोटं हुंगली. घोंगडीचाच वास हाताला लागला असणार. तिने हात साडीला पुसले आणि मग साडी धुवावी लागणार म्हणून हळहळली.

"किती झाले?"

"उजवे अठ्ठेचाळीस. डावे दोनशे एक." भाचीने वही मिटली. "तपासनीस म्हणाला ते खरंच गं. बरेच खोटे आहेत."

आत्याने तिच्याकडे शाळेतल्या गणिताच्या बाई बघायच्या तशा नजरेने पाहिलं.

*

जनावरांचे डॉक्टर दवाखान्यात साबणाने कोपरापर्यंत हात धूत होते. अत्तराचा वास इतका, की वासानेच काहीतरी लपवतायत असं वाटावं.

"दूधवालीच्या गाईंना बिल्ले तुम्हीच मारले?"

"मीच. नियमाप्रमाणे. डाव्या कानात." ते आत्याकडे बघत नव्हते.

"सगळ्या अकरांच्या?"

"नियम म्हणजे नियम. उजव्यात मारला असता तर माझी नोकरी गेली असती."

"बिल्ले मारायचा चिमटा कुठे असतो?"

"मदत कार्यालयात. कोऱ्या बिल्ल्यांची पेटीही तिथेच. पुरानंतर सगळं सामान तिथे हलवलं. मला लागला की मागून आणतो."

आत्याने टेबलावरचा पुठ्ठा उचलून आपल्या डोक्याशी कानासारखा धरला. "समजा, मी गाय आहे."

डॉक्टर दचकले. भाचीला हसू आलं.

"अहो, समजा. नंबर कुठे येईल?"

"इथे, समोर, पोकळीच्या बाजूला," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचं बोट आपोआप बरोबर जागी गेलं. "दूध काढणाऱ्याला समोरून वाचता यायला हवा. मागून वाचायला जाल तर लाथ खाल. ज्यानं आयुष्यात एकदा तरी जिवंत जनावराला बिल्ला मारलाय, तो उलटा मारणार नाही."

बाहेर पडल्यावर भाची म्हणाली, "आत्या, हा खोटं बोलतोय. मान खाली, घाम, अत्तर. हाच आहे."

"खोटं बोलतोय हे खरं," आत्या म्हणाली. "कशाबद्दल, ते महत्त्वाचं."

*

गावाबाहेरच्या माळावर खड्ड्यांवर चुना पसरला होता. खणायच्या यंत्राच्या सावलीत यंत्रवाला पाय पसरून बसला होता. त्याच्या बुटांकडे बघायचं नाही असं भाचीने ठरवलं.

"दोनशे बारा हा आकडा तुमचा?"

"माझा. एकही इकडेतिकडे नाही."

"लिहून ठेवलात?"

"लिहिता येत असतं तर हे काम केलं असतं का, बाई?" तो मोठ्यांदा हसला. "खुणेवर मोजायचो. एका जनावरामागे एक खूण. रोजच्या रोज पोतं कार्यालयात पोचवायचं, खुणा मोजून पैसे मिळायचे. हुकूमच तसा होता. म्हणजे मी पण फसवायला नको आणि ते पण."

भाचीच्या डोळ्यांपुढे खड्यांचं पोतं आलं. लहानपणी अंक शिकवायला वापरतात तसले खडे.

"दूधवालीच्या गाई आठवतात?" आत्याने विचारलं.

यंत्रवाल्याचं हसू मावळलं. "अकरा. त्यांच्या खुणेला जरा घोळ झाला होता. नेहमीसारखी मिळेना. पण दुसरी घेतली, भरपाई केली."

"चार वाजता कार्यालयात याल? हेच सांगायला."

"मला काय, पैसे मिळतील ना?"

"आज नाही मिळणार," आत्या म्हणाली. तरी तो येतो म्हणाला.

परतीच्या वाटेवर भाचीने पुन्हा फोन लावला. सासूबाईंनी उचललाच नाही. "काही झालं तर नसेल ना?" ती पुटपुटली.

"कानाला काय होतंय म्हणालीस?" आत्याने विचारलं.

"भोकाभोवती कड आलीय. घट्ट. पण ते चांगलंच लक्षण आहे म्हणे."

"फारच चांगलं लक्षण," आत्या म्हणाली. "तुझी लेक मोठी गुणाची आहे. केस सोडवली तिने."

*

सव्वाचारला देवमाणसाच्या खोलीत सगळे जमले. नाकात कापूस घातलेला तपासनीस, अत्तराचे डॉक्टर, दारात बूट काढून उभा यंत्रवाला, आणि कोपऱ्यात घोंगडी कवटाळून दूधवाली. टेबलावर यादी आणि शिक्का तयार होता.

"पाच वाजायला वेळ आहे," देवमाणूस म्हणाले. "कुणी पाणी घेणार?"

"नको," आत्या म्हणाली. "तपासनीस साहेब, तुमच्या वजाबाकीने सुरुवात करू. दोनशे एकोणपन्नास दावे, दोनशे बारा जनावरं. खोटे किती?"

"सदतीस," तपासनीस म्हणाला.

"आणि उजवे कान किती? आम्ही मोजले. अठ्ठेचाळीस. उजवा म्हणजे खोटा असं धरलं, तर खोटे अठ्ठेचाळीस निघायला हवेत. निघतात सदतीस. अकरा उजवे कान खरे आहेत, साहेब. हिचे."

तपासनिसाने पेन उचललं, कागदाच्या कडेला आकडे मांडले आणि ते बराच वेळ पाहिले. भाचीचा चेहरा लाल झाला. तिने स्वतःच तर लिहिले होते ते आकडे.

"हा नुसता योगायोग," देवमाणूस हळुवारपणे म्हणाले.

"असेल. म्हणून कान बघू." आत्याने रुमालात बांधलेले दोन कान टेबलावर ठेवले. तपासनीस खुर्चीसकट मागे सरकला. "माझ्या भाचीच्या मुलीचे महिन्यापूर्वी कान टोचले. भोकाभोवती घट्ट कड आली. जिवंत कातडीला भोक पडलं की ती जखम भरते, कड धरते. मेलेली कातडी काय भरणार? हा कान दूधवालीचा. हात लावा. कड आहे ना? बिल्ला गाय जिवंत असताना मारलाय. हा दुसरा त्या पाच गायब माणसांपैकी एकाचा. भोक बघा, कागदाला पाडतात तसं. सदतीसच्या सदतीस असेच."

तपासनिसाने एक बोट पुढे केलं, लावलं, आणि झटकन काढून पँटला पुसलं. "कड आहे," तो म्हणाला.

"मग डॉक्टर, तुम्ही उजव्या कानात बिल्ले मारले की नाही?"

डॉक्टरांनी खाली बघितलं. "गोठ्यात फार चिखल होता," ते म्हणाले. "नोकरी जाईल म्हणून..."

"म्हणून हिला तुरुंगात जाऊ देणार होतात," आत्या म्हणाली. "बूट खराब होऊ नयेत म्हणून. असो. पण चोर तुम्ही नाही. त्या सदतीस कानांवरचा नंबर पाठीमागे आहे. माझी भाची दर वेळी कान उलटा करत होती. तुमचं बोट पुठ्ठ्यावरही बरोबर जागी गेलं. हे काम टेबलावर कान ठेवून चिमटा दाबणाऱ्याचं. त्याने जन्मात गाईसमोर उभं राहून बिल्ला मारलेला नाही."

"पण उजवे कान आले कुठून?" तपासनिसाने विचारलं.

आत्या दाराकडे वळली. "दादा, तुमची खूण कसली होती?"

यंत्रवाला चकित झाला. "कान की! डावा कान मालक कापून न्यायचे. मग उजवा मी कापायचा. एक जनावर, एक कान. पोतं भरून या मदतीच्या साहेबांना द्यायचं. साहेबांनीच सांगितलं होतं."

बाहेर रांगेत कुणाचं तरी मूल खोकत होतं.

"मोजणीसाठी होतं ते," देवमाणूस म्हणाले. आवाज अजून मऊच होता. "मोजले आणि पुरायला पाठवले. मधल्या मध्ये कुणी चोरले असतील. कार्यालयात सतरा माणसं येतात."

"येतात. पण सतरा माणसांपैकी एकाच्याच कपाटात डांबरगोळ्या असतात. तुम्हीच म्हणालात, या एकाच कपाटात." आत्याने दुसरा कान त्यांच्यापुढे सरकवला. "हुंगा, साहेब. मीठ आहे, सडका वास आहे, आणि त्याखाली गोळ्यांचा वास आहे. फक्त सदतिसांना. दूधवालीच्या अकरांना नाही."

भाचीने आपली बोटं पाहिली. वास घोंगडीचा नव्हता तर.

"अहो, ती घोंगडी यांनीच हाताळली. तोच वास कानांना—"

"मग अकरांना का नाही? तेही आम्हीच हाताळले. कपाट उघडा."

"चावी घरी राहिली."

त्यांच्या गळ्यातल्या दोरीकडे सगळ्यांनी एकदमच पाहिलं. तपासनीस उठला. त्याने आधी नाकातला कापूस काढून टेबलावर ठेवला, मग हात पुढे केला.

कपाटात घोंगड्या होत्या. पूरग्रस्तांसाठी आलेल्या, साठच्या वर, सरकारी चिठ्ठ्यांसकट. वरच्या खणातून एखादीच वाटली जात होती, माणसं बघत असताना. घोंगड्यांमागे बिल्ल्यांची पेटी आणि चिमटा. खालच्या खणात पोती. यंत्रवाल्याने एक ओढलं आणि सोडलं. आतून मीठ, पांढऱ्या गोळ्या आणि कान जमिनीवर ओघळले.

"दावे घ्यायची मुदत परवाच वाढली," आत्या म्हणाली. "साहेबांना अजून बरीच जनावरं कागदावर मारायची होती, म्हणून ही पोती ठेवली. त्या पाच माणसांची बँकेतली खाती कुणाच्या शिफारशीवर उघडली तेही बघा. आणि युक्ती सुचली कशी, तीही सांगते. पहिल्याच दिवशी हिचे अकरा उजवे कान दप्तरी जमा झाले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. साहेबांना तेवढ्यात कळलं, की घाणीत हात घालून कुणी बघत नाही. मग तपासणीत फरक सापडल्यावर तेच अकरा कान कामाला आले. चोरही तयार."

"ही पोती पुरायची राहिली, एवढंच," देवमाणूस म्हणाले. "यात काय सिद्ध होतं?"

"यात अकरा डावे कान असायला हवेत," आत्या म्हणाली. "हिने उजवे आधीच कापले होते, तेव्हा दादांना त्या गाईंचा उजवा मिळेना. त्यांनी डावा घेतला. ते अकरा कान भोकाशिवायचे असतील. म्हणजे त्या गाईंना डाव्या कानात बिल्ला कधी नव्हताच. शोध गं."

यावेळी भाचीने हात मागे घेतला नाही. ती फरशीवर बसली आणि मिठात बोटं घालून एकेक कान उजेडात धरू लागली. फुगीर कड कुठल्या हाताला. एक. दोन. सातवा. तपासनीस तिच्या शेजारी उकिडवा बसून मोजत होता.

"दहा," तो म्हणाला. "एक कमी आहे."

देवमाणसाचा चेहरा क्षणभर उजळला.

"नाही," भाची म्हणाली. "हा मी बाजूला ठेवला होता. डावा की उजवा कळत नव्हतं. अर्धाच आहे."

दूधवाली पुढे आली. तिने भाचीच्या तळहातावरून तो काळा, तुटका कान उचलला आणि तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. वासरू असताना भरलेली जुनी जखम. जाड, घट्ट कड.

"काजळी," ती म्हणाली.

घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती. तपासनिसाने यादी ओढली, तिच्या नावावर आडवी रेघ मारली, खाली सही केली. "अकरा जनावरं. मंजूर," तो म्हणाला, आणि मग न विचारताच पुढे म्हणाला, "मी मोजायला हवे होते."

"हो," आत्या म्हणाली.

"आई," देवमाणूस पुढे झाले, "तुमच्यासाठी मी—"

"आई म्हणायचं नाही," दूधवाली म्हणाली. तिने घोंगडी टेबलावर ठेवली, घडी मोडू न देता. बाकीचे दहा कान तिने पदरात घेतले. यंत्रवाल्याने बूट चढवले. खड्डा कुठला, ते त्याला माहीत होतं.

बाहेरच्या नळावर भाचीने हात तीनदा धुतले. चौथ्यांदा धुताना तिला कळलं, हा वास आता दोन दिवस जाणार नाही आणि दोन दिवस मुलीला सासूबाईंनाच घ्यावं लागणार. फोन वाजला. "कान छान आहेत," सासूबाई म्हणाल्या. "तू कधी येतेस?" तिने नळ पुन्हा सोडला.

रांग तशीच उभी होती. आत काय झालं ते बाहेर कळलं नव्हतं. पुढच्या म्हाताऱ्याने रिकामा पेला वर केला.

"देवमाणूस परत पाणी द्यायला आला नाही? तसा माणूस मिळायचा नाही हो."

दूधवाली त्याच्यासमोर थांबली. पदर दोन्ही हातांनी सावरलेला, त्यातून मीठ गळत होतं.

"नाकावरचं फडकं काढा," ती म्हणाली, "आणि एकदा आत जाऊन वास घ्या."